अधिक महिन्यातले दोन वेताळ

अधिक महिना आला की आमच्या महालातल्या वाड्यात पोथी लागत असे. ओसरीवर चौरंग, त्यावर लाल वस्त्र, समईचा उजेड आणि वाचणाऱ्याच्या आवाजाची ती ठरावीक लय. ऐकणाऱ्या मंडळींपैकी निम्मी पेंगत असत, पण अध्याय संपला की हात मात्र बरोबर जोडले जात. सुमारे तीन वर्षांनी एकदा येणारा हा तेरावा महिना. यात लग्नमुंज नाही, वास्तुशांत नाही, खरेदीखत नाही. जावयाला तेहतीस अनरसे तेवढे द्यायचे. २०२३ साली अधिक श्रावण आला, १८ जुलै ते १६ ऑगस्ट, तेव्हा वाड्यात पोथी लावायला कोणी उरले नव्हते. भाऊबंदांच्या सह्या होऊन वाडा बिल्डरच्या हवाली करायचा, एवढेच काय ते बाकी होते. कागद तयार होते, स्टँप आणलेला होता. पण बिल्डर श्रद्धाळू निघाला. मलमासात जुने घर पाडण्याचा करार करायला तो काही धजेना. अशा रीतीने मला एक महिना फुकटात मिळाला, आणि त्या महिन्यात मी कादंबऱ्या वाचल्या. कादंबऱ्या आणि कॉमिक्स.

त्याचे असे झाले. माळा रिकामा करण्याचे काम माझ्याकडे आले होते. माळ्यावर संत्र्याच्या तीन लाकडी पेट्या होत्या. नागपूरकराला ही पेटी वर्णन करून सांगायला नको. फळ्यांच्या फटींतून हवा खेळते म्हणून तिच्यात संत्री टिकतात. तसलीच पुस्तकेही टिकली होती, कसरीला तिचा वाटा देऊन. चुलतभावाने रद्दीवाल्याला सांगून ठेवले होते. "दादा, वजनावर जाईल सगळं. तू उगाच उघडत नको बसू," असे त्याने फोनवर बजावले. उघडू नको म्हटलेली पेटी उघडली नाही, असा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

पहिल्याच पेटीत वरती एक लांबट हिशेबाची वही निघाली. पुढून पाहावे तर किराण्याचा हिशेब: तूर डाळ, गूळ, रॉकेल. उलटी करून मागून पाहावे तर पुस्तकांची यादी. तिथी, पुस्तकाचे नाव, कोठून आणले, परत केले की नाही, आणि शेवटच्या रकान्यात एक-दोन शब्दांचा शेरा. अक्षर ठसठशीत, किंचित डावीकडे कललेले. हे माझ्या आत्याचे अक्षर.

आत्या वडिलांहून मोठी. लग्न होऊन पुरती दोन वर्षे झाली नाहीत तोच ती कपाळ पुसून माहेरी परत आली, आणि पुढचे सारे आयुष्य तिने महालातल्या त्या वाड्यात काढले. तिचे केस राहिले होते. त्या बाबतीत आजोबांनी कोणाचे ऐकले नाही. बाकी सगळ्या बाबतीत सगळ्यांचे ऐकले. पापड, लोणची, बाळंतिणी, आजारी माणसे, हे तिचे खाते. दुपारी दोन ते चार ही वेळ मात्र तिची स्वतःची. त्या वेळात ती माजघराच्या मागच्या खोलीत, खिडकीच्या उजेडात, पुस्तक घेऊन बसे आणि कोणी हाक मारली तर ओ देत नसे.

बाईमाणसाने वाचनालयात जाऊन टेबलापाशी उभे राहू नये असा कायदा कोठे लिहिलेला नव्हता. पण लिहिलेल्या कायद्यापेक्षा तो पक्का होता. म्हणून ती आम्हा मुलांना चिठ्ठी देऊन पाठवी. एकदा एका वाचनालयातल्या गृहस्थांनी माझ्या हातची चिठ्ठी वाचली, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "आत्याबाईंना म्हणावं, 'भक्तिविजय'ची नवी प्रत आली आहे, ती न्या." मी रिकाम्या हाताने घरी आलो. आत्याने त्याच चिठ्ठीच्या पाठीवर लिहिले, 'भक्तिविजय घरी दोन आहेत. कादंबरी द्यावी,' आणि मला तसाच पिटाळला. त्या दिवशी कादंबरी मिळाली.

वहीची पाने उलटता उलटता मी १९६६ सालाशी आलो. 'अधिक श्रावण' असे आत्याने वर लिहून त्याखाली दुहेरी रेघ मारली होती. पंचांगाची मोठी गंमत आहे. दर एकोणीस वर्षांनी तिथी आणि तारखा पुन्हा जवळजवळ त्याच जागी येतात, आणि बहुधा अधिक महिनाही तोच येतो. १९६६, १९८५, २००४, २०२३. म्हणजे सत्तावन्न वर्षांपूर्वीचा हाच महिना. ओसरीवर पोथी चालू असताना मागच्या खोलीत काय चालले होते, त्याची ही नोंद. अकरा कादंबऱ्या, एक 'चांदोबा' आणि चार 'इंद्रजाल कॉमिक्स'. मी ठरवले की हाच पाठ आपण लावायचा, याच क्रमाने. बहुतेक पुस्तके त्या पेट्यांतच होती. दोन-तीन बर्डीच्या फुटपाथवरून आणावी लागली.

आपल्याकडे लेखकांची चरित्रे आहेत, प्रकाशकांच्या हकिकती आहेत, साहित्य संमेलनांच्या भांडणांचेही सविस्तर वृत्तांत आहेत. वाचणाऱ्याची नोंद ठेवण्याचे मात्र कोणाला सुचत नाही. म्हणून या वहीच्या आधाराने थोडा इतिहास सांगतो.

कादंबरी हे नाव आपण बाणभट्टाच्या नायिकेकडून उचलले आणि एका सबंध वाङ्मयप्रकाराला देऊन टाकले. हिंदी आणि बंगाली मंडळी 'उपन्यास' म्हणतात, गुजराती 'नवलकथा'. १८५७ साली, उत्तरेत तोफा धडाडत होत्या त्याच वर्षी, बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' निघाले. विषय विधवांचे हाल. पुढे १८६१ साली हळब्यांची 'मुक्तामाला' आली. १८७१ साली रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची 'मोचनगड' 'विविधज्ञानविस्तारा'त आली आणि ऐतिहासिक कादंबरीची वाट मोकळी झाली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढले तेव्हा घराघरांत आठवड्याला एक कादंबरीचा तुकडा जाऊ लागला. घरातला कोणी शिकलेला मुलगा तो मोठ्याने वाची आणि ज्यांना अक्षर येत नव्हते त्या बायका निवडणटिपण करीत ऐकत. त्या काळी कादंबरी ही मुलींना बिघडवणारी वस्तू समजली जात होती. आज त्याच हरिभाऊंवर मुली प्रबंध लिहितात.

आत्याच्या यादीत पहिले नाव 'पण लक्षात कोण घेतो' हेच आहे. 'करमणुकी'तून १८९० ते १८९३ या काळात ते क्रमशः आले. पदमनजींची नायिका यमुना आणि हरिभाऊंचीही यमुनाच. हा योगायोग की नमस्कार, ते अभ्यासकांनी ठरवावे. पण हरिभाऊंनी एक धाडस केले. यमूला त्यांनी स्वतःच्या तोंडाने बोलू दिले. पुण्यातला एक पुरुष विधवा बाईच्या 'मी'ने शेकडो पाने लिहितो आणि वाचणाऱ्याला ते खोटे वाटत नाही, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मी हे पुस्तक शाळेत असताना वाचले होते आणि मला ते लांबट वाटले होते. या वेळी चार दिवस लागले. यमूचे केशवपन होते त्या भागाशी आलो तेव्हा पुस्तक मिटून खाली गेलो आणि उगाच नळ चालू आहे का पाहून आलो.

वहीत या पुस्तकाची नोंद तीनदा आहे: १९३५, १९४७ आणि १९६६. इतर प्रत्येक पुस्तकापुढे शेरा आहे. यापुढे तिन्ही वेळा रकाना कोरा.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले. गोविंद नारायणशास्त्री दातारांची 'कालिकामूर्ती' आणि नाथमाधवांची 'वीरधवल' ही दोन पुस्तके मी एका आठवड्यात, पंख्याखाली, आंब्याच्या लोणच्याबरोबर दहीभात खात वाचली. दातारशास्त्री इंग्रज कादंबरीकार रेनॉल्ड्स याच्या कथा घेत आणि त्यांना धोतर नेसवीत. हा रेनॉल्ड्स त्याच्या मायदेशी आता कोणाला फारसा ठाऊक नाही. इकडे मात्र हिंदुस्थानातल्या अनेक भाषांत त्याने रात्रीच्या रात्री जागवल्या. नाथमाधवांची हकीकत निराळी. शिकारीच्या नादात सिंहगडावरून पडून त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले, आणि ज्या माणसाला घरातल्या घरात चालवत नव्हते त्याने आपल्या नायकांना घोड्यावर घालून सगळीकडे दौडवले. 'वीरधवल' १९१३ सालची. तिची भाषा आज जड वाटते, वर्णने पसरट आहेत. पण प्रकरणाच्या शेवटी वाचकाला लटकत ठेवण्याची विद्या या लोकांना जशी साधली होती तशी पुढच्या पुष्कळ मानाच्या लेखकांना साधली नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे. आत्याचा शेरा: 'कालिकामूर्ती — दिवा मालवता येईना.'

आता आमच्या गावाचे. नागपूर हे त्या वेळी मध्यप्रांताच्या राजधानीचे गाव. पुण्यामुंबईहून दूर, निम्मे हिंदी, निम्मे मराठी. पण कादंबरीच्या बाबतीत आमचे गाव मागे नव्हते. पु. य. देशपांड्यांची 'बंधनाच्या पलीकडे' १९२७ साली आली आणि तिने चांगलीच खळबळ उडवली. पुढे १९६२ साली याच गृहस्थांना 'अनामिकाची चिंतनिका' या पुस्तकासाठी साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, म्हणजे बंडखोर कादंबरीकाराचा तत्त्वचिंतक झाला. गजानन त्र्यंबक माडखोलकर १९२९ साली नागपुरात आले ते नागपूरचेच होऊन गेले. आधी 'महाराष्ट्र' पत्रात, मग १९४४ पासून 'तरुण भारता'चे संपादक. त्यांची 'मुक्तात्मा' १९३३ सालची. मराठीतल्या राजकीय कादंबरीचे नाव काढले की तिचे नाव निघते. १९४६ साली ते बेळगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव त्याच संमेलनात झाला. आत्याने एवढ्या मोठ्या माणसाचीही भीड ठेवलेली नाही. 'मुक्तात्मा'पुढे ती लिहिते: 'हे गृहस्थ इथलेच. पात्रे फार बोलतात.' मी पुन्हा वाचली. पात्रे खरोखरच फार बोलतात.

आणि याच गावात कुसुमावती देशपांडे इंग्रजी शिकवीत होत्या. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा सलग आढावा त्यांनी घेतला, तो १९५३-५४ च्या सुमारास ग्रंथरूपाने आला. १९६१ साली ग्वाल्हेरच्या संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या. या मानाच्या जागेवर बसलेली ती पहिली स्त्री. त्याच वर्षी त्या गेल्या. एकाच गावात दोन बायका. एक साऱ्या मराठी कादंबरीची व्यासपीठावरून पारख करते. दुसरी महालातल्या खिडकीशी बसून किराण्याच्या वहीत तिला 'बरी' किंवा 'लबाड' म्हणते. दोघींची कधी गाठ पडली असेल असे वाटत नाही.

यादीतल्या नव्या पुस्तकांत खांडेकरांची 'ययाति' होती, १९५९ सालची; रणजित देसायांची 'स्वामी', १९६२ सालची; आणि उद्धव शेळक्यांची 'धग', १९६० सालची. पहिल्या दोन पुस्तकांविषयी मी काय सांगणार? 'ययाति'ला पुढे १९७४ सालचे ज्ञानपीठ मिळाले आणि 'स्वामी' घराघरांत आहे. पण 'धग' वाचताना आत्या दोनदा माजघरात आल्याचे मला स्वतःला आठवते. "अरे, हे बघ, आपल्याकडच्यासारखं बोलतात पुस्तकात!" असे म्हणून तिने आईला कौतिकचे बोलणे वाचून दाखवले होते. नवरा खचत गेलेला, पोरे लहान, आणि ही शिंप्याची बायको कौतिक सगळा संसार एकटीच्या खांद्यावर ओढते आहे. त्याआधी वऱ्हाडी बोली पुस्तकात यायची ती बहुधा नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडी. ती नायिकेच्या तोंडी येऊन तिला कोणी हसत नाही, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटली. आत्याचा शेरा दोनच शब्दांचा: 'कौतिक खरी.'

उरलेल्या तीन कादंबऱ्या बाबुराव अर्नाळकरांच्या. झुंजार आणि काळा पहाड ही नावे ज्यांनी ऐकली नाहीत अशा वाचकांची पिढी आता आली आहे, म्हणून सांगतो: या एका माणसाने चौदाशेच्या वर रहस्यकथा लिहिल्या. पुस्तके चिमुकली, कागद हलका, किंमत थोडी. शिष्ट लोक ती उशीखाली ठेवीत. अक्षरशत्रू म्हणावेत असे कितीतरी लोक अर्नाळकरांमुळे वाचायला शिकले, हे मी अतिशयोक्तीने म्हणत नाही. आमच्या गल्लीतला सायकल दुरुस्त करणारा अक्षर जुळवून वाची तो झुंजारच. आत्याचा शेरा: 'खोटे, पण चटपटीत.' तिन्हींना मिळून एकच.

येथपर्यंत सारे सुरळीत होते. खरा प्रसंग कॉमिक्सचा.

मार्च १९६४ मध्ये मुंबईच्या टाइम्सवाल्यांनी 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केले. पहिले बत्तीस अंक ली फॉक या अमेरिकन गृहस्थाच्या 'फँटम'चे, म्हणजे आपल्या वेताळाचे. मग जादूगार मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन वगैरे मंडळी आली. किंमत साठ पैसे. साठ पैशांना त्या वेळी पोटभर न्याहारी होत असे, म्हणून विकत घेण्याचा प्रश्न नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक पानठेला होता. तेथे सुतळीवर चिमट्यांनी अंक टांगलेले असत. बाकावर बसून वाचले तर पाच पैसे, घरी नेले तर दहा.

माझे वडील कोर्टात कारकून होते. त्या अधिक महिन्यात पोथी ऐकून ते आत आले आणि माझ्या मांडीवर त्यांना वेताळ दिसला. ते ओरडले नाहीत. त्यांनी अंक उचलला, मधोमध फाडला आणि म्हणाले, "याला कायदा आहे, ठाऊक आहे?"

कायदा खरोखरच होता आणि आहे. अमेरिकेत १९५४ साली फ्रेड्रिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने कॉमिक्स मुलांना गुन्हेगार बनवतात असे पुस्तक लिहिले, तिथल्या सिनेटमध्ये चौकशी झाली, प्रकाशकांनी घाबरून स्वतःवर नियम घालून घेतले. ती लाट आपल्याकडेही आली. १९५६ साली आपल्या संसदेने तरुणांना हानिकारक ठरणाऱ्या प्रकाशनांविरुद्ध कायदा केला, त्या वर्षीचा ९३ क्रमांकाचा. चित्रांतून सांगितलेल्या गोष्टींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. गुन्हा, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाणे प्रकार रंगवून वीस वर्षांखालच्यांना बिघडवील असे पुस्तक विकले तर सहा महिन्यांपर्यंत कैद. वडिलांना कलमे पाठ असत. वेताळात त्यातले काही नव्हते. तो चाच्यांना ठोसे मारी, त्यांच्या जबड्यावर कवटीची खूण उमटे, एवढेच. पण वडिलांनी अंक वाचलाच नव्हता. आणि वाचल्यावाचून ज्यावर बंदी घालता येते अशी जगातली एकच वस्तू म्हणजे पुस्तक.

फाटलेला अंक भाड्याचा होता. ठेलेवाल्याला साठ पैसे कोठून द्यायचे, या भीतीने मी रडत होतो. आत्याने दोन्ही तुकडे घेतले, मागच्या खोलीत नेले आणि गोधडीच्या सुईने, पांढऱ्या दोऱ्याने, पानन् पान जोडून शिवले. मग ती तो अंक वाचू लागली, आणि इथे मला एक नवीनच गोष्ट कळली. आयुष्यभर वाचणाऱ्या माझ्या आत्याला कॉमिक वाचता येईना. "हे ढग कोणाचे? आधी हा ढग वाचायचा की तो?" असे ती विचारू लागली. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, आणि ढगाचे शेपूट ज्याच्या तोंडाकडे तो बोलतो, असे मी तिला शिकवले. माझ्या आयुष्यातली ती पहिली शिकवणी. ठेलेवाल्याला तिने साठ पैसे पाठवले आणि अंक ठेवून घेतला. वहीत नोंद आहे: 'वेताळ — शिवून वाचला.'

तिची खरी अडचण निराळीच होती. "हा कसला वेताळ? झाडाला का लटकत नाही?" आमच्या घरी तोवर वेताळ होता तो 'चांदोबा'तला. मद्रासेत नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी १९४७ च्या जुलैत तेलुगू आणि तमिळमध्ये 'चंदामामा' काढला. त्याचा मराठी भाऊ 'चांदोबा' १९५२ च्या एप्रिलात आला. खांद्यावर प्रेत, हातात तलवार, पायाशी साप आणि कवट्या असे ते विक्रमाचे चित्र शंकर नावाच्या चित्रकाराचे. २०२० साली शहाण्णव वर्षांचे होऊन ते गेले. 'चांदोबा' त्याआधीच बंद पडला होता. तो वेताळ प्रश्न विचारी आणि राजाने मौन सोडले की झाडाकडे परत जाई. हा इंग्रजी वेताळ प्रश्न विचारीत नाही, ठोसा मारतो, एवढाच फरक आहे असे मी तिला सांगितले. तिला ते पटले नाही.

या विक्रमराजाचा आणि आमच्या महालाचा एक जुना संबंध आहे, तो मला पुष्कळ वर्षांनी कळला. बंगालमध्ये श्रीरामपुरास विल्यम कॅरे याच्या छापखान्यात मराठी पुस्तके छापू लागली तेव्हा वैजनाथ नावाच्या पंडितांनी १८१४ साली 'सिंहासनबत्तिशी' मराठीत केली. त्याच पंडितांच्या नावावर त्याच छापखान्यातली आणखी एक छोटी पोथी आहे, रघूजी भोसल्यांची वंशावळ. म्हणजे विक्रम आणि आमचे भोसले हे दोघेही छापील मराठीच्या पहिल्या पंक्तीत मांडीला मांडी लावून जेवायला बसले होते. भोसल्यांच्या अमदानीत नागपुरात हाताने चितारलेल्या पोथ्याही होत, तेव्हा चित्र पाहत गोष्ट वाचणे हे काही महालाला साठ पैशांत शिकावे लागले नाही. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने दत्तक नाकारून राज्य खालसा केले. १८६४ साली जुना राजवाडा जळाला. नगारखान्याची वेस तेवढी वाचली. आणि बरोबर शंभर वर्षांनी पानठेल्यावर एक असा राजा आला की ज्याच्या घराण्यात एकवीस पिढ्या मुलगा होतोच, बाप मेला की तो तोच बुरखा चढवतो, आणि लोकांना वाटते की राजा मरतच नाही. डेंकालीच्या जंगलात डलहौसीची डाळ शिजली नसती.

डेंकाली हे नावही आपल्याकडचेच. मुळात तो वेताळ 'बंगाल्ला' किंवा 'बेंगाली' अशा नावाच्या मुलखात राहतो आणि त्याचे वैरी चाचे 'सिंग' आडनावाचे. ते इथे कसे चालावे? म्हणून संपादकांनी मुलखाचे नाव डेंकाली केले आणि सिंगांचे सिंगा. वडिलांच्या कायद्यापेक्षा या संपादकांना माणसे जास्त कळत होती.

नागपूरच्या मुलाचे एक बरे होते. मराठी अंक संपले की हिंदी सुरू. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, त्यामुळे 'चंद्रकांता'पासून प्राण यांच्या 'चाचा चौधरी'पर्यंत सगळा माल आम्हाला विनाभाषांतर मिळे. चित्रांतून टवाळी करणे तर नागपूरकराच्या रक्तातच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते तेव्हा तिच्याबरोबरचे बडगे पाहा. भाववाढीपासून पुढाऱ्यांपर्यंत ज्याचा राग येईल त्याचा पुतळा. माणसाएवढी कॉमिक्सच ती, शेवटी जाळायची म्हणून कोणी जपून ठेवत नाही.

वडिलांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. इंद्रजालच्याच कामात असलेल्या अनंत पै यांनी १९६७ साली 'अमर चित्र कथा' सुरू केली. दिल्लीच्या दूरदर्शनवरच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक देवांची नावे आली आणि रामाच्या आईचे नाव आले नाही, हे पाहून त्यांना ते सुचले, अशी हकीकत आहे. पुढे मराठीतही ते अंक आले. कृष्ण, शिवाजी महाराज, ज्ञानेश्वर! तेच ढग, तेच चौकोन, राम वाईरकर आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांच्यासारख्यांची चित्रे. वडिलांनी ते अंक स्वतः विकत आणले, माझ्या धाकट्या बहिणीला मांडीवर घेऊन वाचून दाखवले. कोणता ढग आधी वाचायचा हे त्यांना कळत नसे. आत्या पलीकडून सांगे, "शेपूट बघ, शेपूट."

दुसऱ्या पेटीत ते सारे अंक होते, आणि त्यांच्या तळाशी तो शिवलेला वेताळ. दोरा पिवळा पडला आहे. कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना कोपऱ्याचा चुरा बोटाला लागतो, पण शिवण उसवलेली नाही. १९९० साली 'इंद्रजाल' आठशे तीन अंकांनंतर बंद पडले. आता ते जुने अंक जमवणारी मंडळी आहेत आणि चांगली किंमत देतात. चुलतभावाला ही बातमी कोठून लागली कोण जाणे. अधिक महिना संपायच्या आत त्याचा फोन आला. "दादा, त्या कॉमिक्सला भाव आहे म्हणे. रद्दीत नको देऊ." मी म्हटले, बाकीचे ने, एक मी ठेवतो आहे. तो साशंक झाला. सर्वांत महागाचा मीच ठेवत असणार असे त्याला वाटले असावे. दुसऱ्या दिवशी येऊन त्याने तो पाहिला, शिवण पाहिली आणि म्हणाला, "फाटक्याला काही येत नाही. ठेव."

कादंबऱ्या एका वाचनालयाने घेतल्या. कसर लागलेल्या परत केल्या, त्या माझ्याकडे आहेत. १७ ऑगस्टला निज श्रावण लागला आणि त्याच आठवड्यात सह्या झाल्या. त्याआधी वहीत १९६६ च्या यादीखाली मी दुहेरी रेघ मारून '२०२३, अधिक श्रावण' असे लिहिले आणि तीच सोळा नावे पुन्हा उतरवली. शेरेही घातले. 'मुक्तात्मा'पुढे 'मान्य' असे लिहिले. 'कालिकामूर्ती'पुढे 'लोडशेडिंग नसतानाही'. पहिल्या ओळीचा रकाना मीही कोरा ठेवला. रद्दीवाला आला तेव्हा त्याला द्यायला तीन रिकाम्या पेट्या होत्या. आता संत्री प्लास्टिकच्या क्रेटमधून जातात, लाकडी पेटी सहसा दिसत नाही, म्हणून तो त्यावरच खूश झाला आणि जाताना विचारू लागला, "काकाजी, कागद काहीच नाही काय?"